फेविकॉल, पाचर आणि बारा टन

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच इंच जाड. सागवानाची अशी एक सलग फळी हवी, असं मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत सांगितलं, तेव्हा मालकांनी आधी मला बसायला खुर्ची दिली. मग विचारलं, "ताई, दरवाजा करायचाय का?" दरवाजा नाही, घरी सुतारकाम शिकायला टेबल करायचंय, वर्कबेंच, असं म्हटल्यावर त्यांनी चहाही मागवला. पन्नाशीतली बाई वखारीत येऊन असं काही मागते हे त्यांना रोज पाहायला मिळत नसावं.

त्यांचं म्हणणं असं: एवढ्या रुंदीची फळी निघेल असा बुंधा आता सहजी येत नाही. आला तर त्याची किंमत तुम्हाला झेपणार नाही. आणि झेपली तरी ती फळी तुमच्या घरात सरळ राहणार नाही. पहिल्या दोन गोष्टी मी मनाशी धरूनच गेले होते, तिसरी मात्र नवी होती. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आखडत नाही. बुंध्याच्या वर्तुळांच्या दिशेने ते जास्त आखडतं, गाभ्याकडून सालीकडे त्यापेक्षा कमी, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. सागाचे आकडे मी नंतर पाहिले. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के. सागवान या बाबतीत गुणी समजलं जातं, पाइन तर याहून चंचल. या दोन आकड्यांत जो फरक आहे, त्यामुळेच रुंद फळीच्या कडा वर उचलल्या जातात.

म्हणून अरुंद पट्ट्या घ्यायच्या, त्या कडेवर उभ्या करून शेजारी शेजारी लावायच्या आणि एकमेकींना चिकटवायच्या. एकीला वाकायचं असेल तर शेजारणी तिला आवरतात. कल्पना इतकी सोपी वाटली की मी त्याच आठवड्यात पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड विकणाऱ्याकडून सागवानी वासे आणून पार्किंगमध्ये रचले. जुनं लाकूड घेण्यात एक फायदा होता. त्याला जेवढं आखडायचं आणि पिळायचं होतं, ते त्याने कुणाच्या तरी छपराखाली आधीच उरकलं होतं.

पार्किंगमध्ये रचले, कारण तिथे सुतारकाका असतात. आमच्या सोसायटीत कुणा ना कुणाचं फर्निचर बारा महिने चालू असल्यामुळे त्यांचा मुक्काम जवळजवळ कायमचा. वासे कशासाठी ते ऐकल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला. "टेबल कशाला, ताई? जमीन आहे की."

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला. पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने लाकूड धरायचं, दोन्ही हात हत्याराला मोकळे. वर्कबेंच ही उभ्याने काम करणाऱ्यांची गरज. अठराव्या शतकात पॅरिसच्या आंद्रे रूबो यांनी सुतारकामावर मोठा ग्रंथ लिहिला, १७६९ पासून तो खंडाखंडाने निघाला. त्यातल्या टेबलाला चांगला पाच-सहा इंच जाडीचा एकच ठोकळा लावलेला आहे. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडे थंडी असेल, जमिनीवर बसवत नसेल." माझं कारण त्याहून साधं होतं, माझे गुडघे.

वासे मशीनवर मारून घ्यायला नेले, तेव्हा मशीनवाल्याने प्रत्येक वाशावरून चुंबक फिरवला. लोहचुंबक दोरीला बांधलेला. जिथे तो लाकडाला चिकटू पाही तिथे खडूने फुली. वरून काही दिसत नव्हतं, पण आत तुटलेले खिळे होते, काही तर हाताने घडवलेले, चौकोनी अंगाचे. एक खिळा राहिला तर रंध्याच्या पात्याला खाच पडते आणि मग पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या लाकडावर एक रेघ उमटत राहते, हे त्याने मला दोनदा बजावलं. सगळे खिळे मी उपसून आणले तेव्हाच त्याने मशीन चालू केलं. काळपट, धुरकट वाशांच्या आतून मध-रंगाचं लाकूड निघालं आणि सगळ्या दुकानात सागाचा तो तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास पसरला.

हाती आल्या सोळा पट्ट्या, दीड इंच रुंद, अडीच इंच उंच. सोळा पट्ट्यांना पंधरा सांधे. आता फक्त चिकटवायचं राहिलं, असं मला वाटलं. खरा गोंधळ इथून पुढे.

लाकडाचा गोंद धरायला दाब लागतो, हे सगळे सांगतात. किती, हे विचारलं की गोंद बनवणाऱ्या कंपन्यांची पत्रकं आकडा देतात. कठीण लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण बारा किलोपासून पुढे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सांध्याची लांबी १५२ सेंटिमीटर, उंची सव्वासहा-साडेसहा, म्हणजे क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटरच्या जवळपास. गुणिले बारा. उत्तर आलं बारा टन. मी ते पुन्हा केलं. पुन्हा बारा टन.

बरं, पंधरा सांध्यांना पंधरापट का? हा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला. तसं नसतं. एका टोकाला दिलेला जोर पट्ट्यांमधून आरपार जातो, प्रत्येक सांध्याला तोच मिळतो. पण म्हणून बारा टन काही कमी होत नाहीत. साधा एफ क्लॅम्प हाताने कितीही आवळला तरी काहीशे किलोच्या पुढे जात नाही. हिशेबाने मला तीस-चाळीस क्लॅम्प लागत होते. माझ्याकडे होते चार. हार्डवेअरच्या दुकानात पाच फुटी सॅश क्लॅम्पचा भाव विचारला, तर टेबलापेक्षा क्लॅम्पचाच खर्च जास्त निघाला. घरी सगळ्यांना एव्हाना या बारा टनांची गोष्ट पाठ झाली होती, आणि जेवणाच्या टेबलावर त्यावरून विनोदही सुरू झाले होते.

काकांना हिशेब दाखवला. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून परत दिला आणि माझ्या ढिगातल्या दोन पट्ट्या उचलल्या. एकीवर एक ठेवून उजेडाकडे धरल्या. "बघा." मधून उजेडाची एक बारीक फट दिसत होती, एका टोकाला सुतळी जाईल एवढी. मशीनवरून आलेल्या पट्ट्या मला आरशासारख्या सपाट वाटत होत्या. "आता ही फट तुम्ही दाबून बुजवणार. मग बारा टन लागणारच. गोंद सुकेल, क्लॅम्प काढाल, आणि लाकूड आयुष्यभर सुटायला बघेल."

त्यांनी रंधा घेतला. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकत्र धरल्या, दोन्हींच्या जुळणाऱ्या कडा वर, आणि दोन्हींवरून एकदमच रंधा चालवला. रंधा किंचित कलला तरी हरकत नाही. एकीचा कोन जेवढा नव्वदच्या आत जाईल तेवढाच दुसरीचा बाहेर, पुस्तक उघडलं की दोन्ही मिळून सपाट. मग एक शेवटची छिलपी फक्त मधल्या भागातून. मध्ये पातळ कागदाएवढी पोकळी राहिली. मी म्हटलं, "काका, पुन्हा फट?" त्यांनी समजावलं ते असं. लाकूड टोकांकडून लवकर वाळतं, कारण तिथून ओल भराभर जाते. म्हणजे पुढे कधी सांधा उघडायला लागला तर टोकांपासून उघडणार. मध्ये नावाला पोकळी ठेवून एका क्लॅम्पने मध्य जवळ आणला की टोकं आपोआप घट्ट दाबली जातात. उलट मध्य फुगीर आणि टोकं सैल असतील, तर तो सांधा गोंद लावण्याआधीच गेला म्हणून समजा.

बारा टनांचा आकडा खोटा नाही. तो कारखान्यातल्या दाबयंत्रांसाठी आहे, आणि गोंदाचा थर शक्य तेवढा पातळ करण्यासाठी. पांढरा गोंद फटी भरू शकत नाही. जाड थरात तो दुबळा, पातळ थरात लाकडाहून बळकट. लाकडाच्या रेषेला रेषा समांतर लावून नीट बसवलेला सांधा मुद्दाम तोडला तर लाकूड शेजारून फाटतं, सांधा तसाच राहतो. काकांनी उरलेल्या तुकड्यावर ते करून दाखवलं. हातोडीचा एक फटका, आणि फाटलेल्या कडेला गोंदावर लाकडाचे तंतू चिकटून आलेले. पट्ट्या मुळात एकमेकींना टेकत असतील, तर दाबाचं काम त्यांना टेकलेलं ठेवण्यापुरतं. हे एकदा डोक्यात शिरल्यावर माझा बराच वेळ क्लॅम्प शोधण्याऐवजी रंधा मारण्यात गेला, आणि खांदे भरून आले.

पट्ट्यांचा क्रम लावण्यातही एक अख्खी संध्याकाळ गेली. दोन मतं आहेत. एक म्हणतं, टोकावरची वर्तुळं पाहून एक पट्टी गाभा वर, पुढची गाभा खाली अशी लावा. दुसरं म्हणतं, वर्तुळं सोडा, सगळ्यांची रेषा एकाच दिशेला चढती ठेवा, नाहीतर वरून रंधा मारताना एक पट्टी गुळगुळीत होईल आणि शेजारची उचकटेल. दीड इंचाच्या पट्ट्यांना पहिलं मत लावण्यात मला अर्थ दिसला नाही. दीड इंचात वाकून वाकणार किती? मी रेषा धरली. प्रत्येक पट्टीवर खडूने बाण काढला आणि सगळ्या पट्ट्यांवरून एक मोठा त्रिकोण, म्हणजे ऐन घाईत एखादी फिरली तर लगेच दिसावं.

घाई येणार हे ठाऊक होतं. फेविकॉल हा पाण्यातला गोंद. पाणी लाकडात आणि हवेत जातं तसे गोंदाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो. पापुद्रा दोन पट्ट्यांच्या मध्ये व्हायला हवा, उघड्यावर नको. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात उघड्या गोंदावर साय धरायला पाच-दहा मिनिटं पुरतात. तेवढ्यात पंधरा सांध्यांना गोंद लावणं, सोळा पट्ट्या ओळीत आणणं आणि आवळणं माझ्याच्याने काय, काकांच्यानेही झालं नसतं. त्यामुळे भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, आणि एका वेळी चारच पट्ट्या.

काकांनी फेविकॉलच्या आधीचा काळ पाहिलेला. हा ब्रँड १९५९ साली बाजारात आला, पण त्यांच्या उस्तादांकडे त्यानंतरही बरीच वर्षं सरस चालायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, खड्यांच्या रूपात यायचा. रात्री भिजत घालायचा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. पोरगेल्या वयातलं त्यांचं पहिलं काम म्हणजे त्या भांड्याखालचा विस्तव सांभाळणं. वासाबद्दल ते एवढंच म्हणाले, "दुपारचं जेवण जायचं नाही." त्या सरसाचा एक गुण मात्र ते आजही मानतात. ऊब आणि ओल दिली की सांधा सुटायचा, दुरुस्ती करता यायची. आताचा सांधा सोडवायचा तर करवत.

सागाला आणखी एक भानगड आहे, त्याच्या अंगचं तेल. चिरून ठेवलेल्या कडेवर ते हळूहळू वर येतं आणि गोंदाला धरू देत नाही. मी कुठेतरी वाचून थिनरचा बोळा फिरवण्याची तयारी केली होती. काकांनी बाटली बाजूला सारली. "सकाळी रंधा मारा, सकाळीच चिकटवा. ताज्या लाकडाला काय करायचंय?" मी तरी दोन पट्ट्यांना थिनर लावलाच. दोन्ही प्रकारचे सांधे आज सारखेच घट्ट आहेत, त्यामुळे या वादाचा निकाल लागलेला नाही.

गोंद किती लावायचा? माझा कल भरपूर लावण्याकडे होता, एक किलोचा डबा आणला होता. दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या हिशेबाने एका सांध्याला वीस ग्रॅमसुद्धा लागत नाहीत, पंधरा सांध्यांना सगळे मिळून जेमतेम तीनशे. तो पसरायला ब्रश नाही, चमचा नाही, सनमायकाचा एक तुकडा. त्याच्या कडेने गोंद ओढला की सगळीकडे सारखा पातळ पांढरा थर राहतो आणि खालची रेषा पुसटशी दिसत राहते. तेवढी दिसली पाहिजे.

आणि मग ज्याला मी सगळ्यात सोपं समजत होते ते. क्लॅम्प आवळला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक पट्टी शांतपणे वर सरकली. तिला हातोडीने खाली बसवलं, तर शेजारची वर. ओला गोंद हा आधी गोंद नसतोच, तो वंगण असतो. यावर एक तोडगा मी वाचला होता, गोंदावर चिमूटभर मीठ भुरभुरायचं, खड्यांनी पट्ट्या अडतात. मी खिशातून पुडी काढली. काकांनी पाहिलं. "ताई, भाजी टाकलीय का?" पुडी परत खिशात गेली. त्यांनी दोन जाड आडव्या पट्ट्या आणल्या, त्यांच्या एका अंगाला खाकी टेप चिकटवली, म्हणजे गोंद त्यांना धरणार नाही. एक वर, एक खाली, दोन्ही टोकांना क्लॅम्प. मधल्या मधे चारही पट्ट्या एका पातळीत दाबून बसल्या. मग आडवे क्लॅम्प, थोडे थोडे, आळीपाळीने.

माझे चार क्लॅम्प त्यात संपले. बाकीचा आडवा दाब दिला तो पाचरींनी. प्लायच्या एका मोठ्या तुकड्यावर काकांनी एक भक्कम रीप स्क्रूने बसवली. तिला टेकून माझ्या पट्ट्या. पलीकडे बोटभर जागा सोडून दुसरी रीप, तीही बसवलेली. मधल्या जागेत पाचरींच्या जोड्या, एकीचं निमुळतं टोक इकडे, दुसरीचं तिकडे. दोन्ही बाजूंनी हातोडीचे हलके ठोके. उतार लहान असल्यामुळे हाताचा साधा ठोका आत कितीतरी पटींनी मोठा होऊन पोचतो, आणि पाचर आपल्या घर्षणानेच जागेवर अडून राहते. टाकाऊ लाकडाच्या सहा जोड्या कापायला त्यांना चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. मी ज्यांचा भाव विचारून घरी परतले होते त्या सॅश क्लॅम्पचं सगळं काम त्या जोड्यांनी केलं. पट्ट्या मध्ये कमानीसारख्या उचलू नयेत म्हणून वर वजन हवं होतं. सासूबाईंचा पाटा अनेक वर्षांनी कामाला आला.

सांध्यांतून गोंदाचे बारीक मणी बाहेर आले, सगळीकडे सारख्या अंतरावर. मी लगेच ओलं फडकं घेतलं. काकांनी हात धरला. ओल्या फडक्याने गोंद पातळ होऊन लाकडाच्या छिद्रांत शिरतो, आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग उठतात. तो रबरासारखा होईपर्यंत थांबायचं, मग बोथट पटाशीने खरवडायचा, सुतळीसारखा निघतो. क्लॅम्पचं लोखंड ओल्या गोंदाला लागू द्यायचं नाही, हेही तेव्हाच कळलं, कारण एका जागी लागलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे शाईसारखा काळा ठिपका होता. तो रंध्याखाली गेला.

चार-चार पट्ट्यांचे चार गट झाले. दोन-दोन जोडून एकेक फुटाचे दोन तक्ते केले आणि तिथे थांबले, कारण मशीनवाल्याच्या रंध्यातून फुटाच्या वर रुंदीचं लाकूड जात नाही. ते दोन्ही मारून आणले आणि शेवटचा एकच सांधा हाताने जुळवला. पंधरांपैकी हा एक सांधा मला एकटीला करायचा होता. काका चहाला गेले आणि मुद्दाम उशिरा आले.

पूर्ण टॉपचं वजन हिशेबाने अडतीस किलो भरतं. लिफ्टमध्ये तो तिरका बसला. पायांवर तो घट्ट स्क्रूने आवळायचा नाही, हे मी आता लोकांना सांगत सुटले आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातली ओल सहा टक्क्यांवर येते. पावसाळ्यात हवा ऐंशी टक्क्यांवर गेली की ती सोळापर्यंत चढू शकते. त्या दहा टक्क्यांत दोन फुटी सागवानी तक्ता, वर्तुळं कशी पडली आहेत त्यावर, सहा ते अकरा मिलिमीटर रुंदावतो. घरात एवढी ओल आत शिरायला महिने लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच होईल. तरी अँगलच्या पट्टीत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घेतल्या. स्क्रू खाचेत सरकेल, तक्ता फाटणार नाही.

आता लाकूड पकडायचा व्हाइस बसवायचा आहे आणि तिथे गाडं अडलंय. तो टेबलाच्या डाव्या अंगाला लावायची रीत आहे, कारण बहुतेकांचा रंधा उजव्या हातात असतो. मी डावखुरी. मला तो उजवीकडे हवा. काकांना ते पटत नाही. उद्या टेबल विकायचं झालं तर घेणार कोण, असं त्यांचं म्हणणं. मी विकणार नाही, असं सांगून पाहिलं. "सगळे असंच म्हणतात," म्हणाले आणि डावीकडे पेन्सिलने खुणा करून गेले. त्या मी पुसल्यात आणि उजवीकडे केल्यात.